नळीतले दोन तांबडे डोळे

तोफेच्या नळीला खुंट्या कशा बसवायच्या, हे मी दरवर्षी सुट्टीत मुलांना शिकवते. आमच्या गल्लीतली सात-आठ पोरं माझ्या मागच्या खोलीत जमतात. तोफ म्हणजे काही बार उडवायची नव्हे. टेबलावर ठेवायची, वीतभर लांबीची, पितळेची. नळी हे तिचं धड. त्या धडाला दोन्ही बाजूंनी फुटलेले आखूड हात म्हणजे खुंट्या. या हातांवर नळी लाकडी गाड्यात टेकते आणि तोंड वर-खाली करते. सगळं वजन त्या दोन हातांवर असतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगते, की खुंटी बाहेरून चिकटवायची नसते, आरपार घालायची असते.

तरी एखादं पोर विचारतंच, "आजी, आटे पाडून स्क्रूसारखी पिळून बसवली तर? पटकन होईल."

"होईल की. आणि पटकन सुटेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

मला कसं माहीत, ते आज लिहून काढते.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आईचा धाकटा भाऊ टर्नर होता. बाजारामागच्या रस्त्यावर त्याचं एका खोलीचं वर्कशॉप होतं. आत एक लेथ, एक उभं ड्रिल मशीन, ग्राइंडर, आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कानशी, मोठीपासून छोटीपर्यंत, एखाद्या कुटुंबाच्या फोटोसारख्या ओळीने. पंपाचा शाफ्ट वाकला, गिरणीचा बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं धातूचं कडं, झिजला, की सगळ्या गावाचे पाय मामाकडे वळत. लोक म्हणायचे, याच्या हातातून गेलेली वस्तू परत येत नाही. मामाला हे ऐकायला आवडायचं. तो मान खाली घालून काम करत राहायचा, पण कान लाल व्हायचे.

दर रविवारी सकाळी मी तिथे जायची. मामा शटर अर्धं वर करून म्हणायचा, "या फोरमनबाई, उशीर झाला. आज पगार कापणार."

"आधी पगार सुरू तर कर!"

"तोंड बघा! आईवर गेलीय."

शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. बाकीच्या मुली पुठ्ठ्याची घरं करत होत्या. मला तोफ करायची होती. मामा आधी हसला, मग पितळेचा गज शोधायला लागला.

नळीचा बाहेरचा आकार त्याने लेथवर काढून दिला, कारण लेथला हात लावायचा नाही असा आईचा हुकूम होता. पण खुंट्यांचं काम माझं. तसं ठरलंच होतं. मामाने एका जुन्या पावतीच्या पाठीमागे मला चित्र काढून दाखवलं.

"हे बघ. दोन खुंट्या म्हणजे दोन तुकडे नाहीत. एकच दांडी. नळीला आडवं आरपार भोक पाडायचं, त्यात ही तांब्याची दांडी ठोकून बसवायची, डाख देऊन सांधा पक्का जोडायचा. कळलं?"

"पण मग नळीच्या आत दांडी आडवी येईल ना? तोफेचं भोक बंद होईल."

"शाबास. म्हणून नळी आधी पोकळ करायची नाही. आधी भरीव गजात दांडी घालायची. डाख पक्का झाला, की मग तोंडाकडून नळी पोखरायची. पोखरताना दांडीचा मधला भाग कापला जातो, आणि दोन्ही टोकं भिंतीत घट्ट अडकून राहतात. आत बघितलंस तर पिवळ्या पितळेत दोन तांबडे गोल दिसतील. समोरासमोर."

"डोळ्यांसारखे?"

"डोळ्यांसारखे. ते दिसले की समजायचं, खुंट्या आरपार गेलेल्या आहेत. हे कुणाला नंतर करता येत नाही."

आणि आटे का पाडायचे नाहीत, तेही त्यानेच सांगितलं. तोफेचं तोंड वर केलं, की एका बाजूचा आटा आवळतो आणि दुसऱ्या बाजूचा सुटतो. खाली केलं, की उलट. असं हलत हलत एक खुंटी कधीतरी ढिली होणारच. "आळशी माणसाची तोफ," मामा म्हणाला. "तोंडघशी पडते."

नळी खाचेच्या ठोकळ्यावर आडवी ठेवायची, म्हणजे ती गडगडत नाही. मी तीन वेळा मोजून खूण केली, पंचने टिचका मारला, आणि ड्रिलचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. पितळ कापताना पिवळा चुरा उडतो, बारीक सुयांसारखा. तो केसांत, बाहीत, सगळीकडे जातो. भोक आरपार गेलं. मामा बाजूला हाताची घडी घालून उभा होता. त्याने एकदाही दांड्याला हात लावला नाही. त्यासाठी तो मला फार आवडला.

पुढच्या रविवारी डाख. टाकणखाराचा लेप मी लावला, ज्योत मामाने धरली, आणि सांध्याला चांदीच्या डाखाची तार मी टेकवली. पितळ लालसर झालं आणि तार एकदम वितळून सांध्याभोवती पळत गेली.

"पकडला!" मामा ओरडला. "आता हत्ती बांध याला."

आता फक्त पोखरायचं राहिलं होतं. ते लेथचं काम. मला बघायचं होतं, पण सोमवारपासून परीक्षा होती आणि आईने दार अडवलं. मामा म्हणाला, "तू पेपर दे. मी पोखरून, चकचकीत करून ठेवतो. तुझीच आहे, पळून जात नाही."

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तो स्वतः घरी घेऊन आला. मऊ फडक्यात गुंडाळलेली. गाड्यावर बसवलेली, खुंट्या लाकडाच्या खाचांत झाकल्या गेलेल्या. सोन्यासारखी. आईने तोंडावर हात ठेवला. मी तोंड वर केलं, खाली केलं. लोण्यासारखं फिरत होतं.

"डोळे बघू?" मी बॅटरी आणायला उठले.

"थांब, थांब." मामाने नळीच्या तोंडावर बोट ठेवलं. तिथे कापसाचा बोळा घट्ट बसवलेला होता. "आत तेल सोडलंय. बोळा काढलास तर हवा लागून गंज चढेल. प्रदर्शन होऊ दे."

पितळ गंजत नाही, हे मला माहीत होतं. त्यानेच मला हे शिकवलं होतं, पहिल्या वर्षी, लोखंडाचा आणि पितळेचा तुकडा पाण्याच्या वाटीत ठेवून. पण समोर मामा सांगत होता. मी बॅटरी परत खणात ठेवली.

प्रदर्शनात माझ्या टेबलाभोवती सकाळपासून गर्दी होती. प्रत्येकाला तोंड वर-खाली करून बघायचं होतं. दुपारी परीक्षक आले. कुठल्याशा कारखान्यातले निवृत्त साहेब होते, पांढऱ्या मिशा, खिशात दोन पेनं. बरोबर आमचे हस्तकलेचे सर.

"हे कुणी केलं?"

"मी. बाहेरचा आकार आणि पोखरायचं काम मामाने लेथवर केलं. खुंट्या मी बसवल्या."

"अस्सं? कशा बसवल्यास?"

मी सगळं सांगितलं. एकच दांडी, आरपार, आधी डाख, मग पोखरणं. साहेब ऐकता ऐकता खाली वाकले. माझ्या बोलण्यात त्यांना मजा वाटायला लागली होती, चेहऱ्यावर दिसत होतं. ते म्हणाले, "व्वा. हे आमच्या कारखान्यात मोठ्यांना समजावून सांगावं लागायचं." आणि त्यांनी नळीचं तोंड वर केलं.

बारीक कर्र असा आवाज आला. त्यांनी तोंड खाली केलं. परत वर. उजवी खुंटी पिळल्यासारखी बाहेर सरकली आणि नळी गाड्यात तोंडावर आपटली. खुंटी टेबलावर गडगडत सरांच्या हाताशी जाऊन थांबली.

सरांनी ती उचलली. तिच्या टोकाला आटे होते. स्वच्छ, नवे, बारीक आटे. आणि ती तांब्याची नव्हती. पितळेची होती.

"ही आरपार आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो! म्हणजे... बोळा काढा ना. आत दोन तांबडे डोळे आहेत. समोरासमोर. बघा तुम्ही!"

त्यांनी चिमट्याने बोळा ओढला. कोरडा होता, तेलाचा एक थेंब नव्हता. बॅटरी मागवली. आधी त्यांनी डोळा लावला, मग सरांनी. मग मी.

आत एका बाजूला बाहेरचा उजेड येणारं भोक होतं. बाकी सगळं पिवळं. गुळगुळीत, सुंदर, पिवळं.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, मोठ्यांनी करून दिलेलं चालतं. पण मग तसं सांगावं. गोष्टी रचून सांगू नयेत." आणि माझ्या कार्डावर त्यांनी एका पेनाने लिहिलं: काम विद्यार्थिनीचे नाही.

माझ्या बाकावरची मैत्रीण शेजारच्या टेबलाशी उभी होती, तिचं पुठ्ठ्याचं घर घेऊन. ती म्हणाली, "तू तर म्हणाली होतीस, हात भाजला डाख देताना." मी तिला मनगटावरचा डाग दाखवला. तिने बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागली.

शाळेतून मी सरळ वर्कशॉपवर गेले. मामा लेथवर होता. माझ्या हातातली नळी आणि सुटलेली खुंटी बघून त्याने मशीन बंद केलं. लेथ लगेच थांबत नाही. काम पकडून ठेवणारा चक फिरत फिरत हळू होत जातो. तो थांबेपर्यंत मी खुंटी मुठीत धरून उभी राहिले.

"सुटली?" तो म्हणाला. "आण इकडे. थेंबभर डाख टाकतो, दोन मिनिटांचं काम."

"माझी कुठे आहे?"

"अगं, हीच..."

"मामा. माझी कुठे आहे?"

त्याने हात पुसले. फडकं घडी घालून ठेवलं. मग परत उघडून परत पुसले. "तुझं भोक तिरकं गेलं होतं, फोरमन. ठोकळ्याखाली चुऱ्याचा एक कण अडकला होता बहुतेक. पोखरल्यावर गाड्यावर ठेवली तर तोंड डावीकडे. एवढं." त्याने अंगठा आणि बोटाच्या मध्ये तांदळाचा दाणा धरल्यासारखं केलं.

"मग मला सांगायचं ना."

"तुझी परीक्षा होती. एक संध्याकाळ हातात होती. मी म्हटलं, पोरीचा विरस नको. डाख दिला असता तर पितळ काळं पडलं असतं, परत पॉलिश कधी करणार? म्हणून आटे..."

"आळशी माणसाची तोफ."

त्याने फडकं पुन्हा हातात घेतलं.

"आणि बोळा का लावलास?"

तिरकं भोक माझी चूक होती. आटे ही घाई होती. पण बोळा त्याने विचार करून लावला होता. मी आत बघणार हे त्याला माहीत होतं, कारण आत बघायला त्यानेच शिकवलं होतं.

"प्रदर्शनात सगळं गाव येतं," तो शेवटी म्हणाला, माझ्याकडे न बघता. "टर्नरच्या भाचीची तोफ आणि तोंड वाकडं. लोक तुला नाही हसत, मला हसतात."

मी त्याच्या टेबलाचे खण उघडायला लागले. त्याने अडवलं नाही. तिसऱ्या खणात, ड्रिलच्या डबीमागे, माझी तोफ होती. पॉलिश न केलेली, डाखाभोवती काळपट. मी ती दाराकडे, उजेडात धरली. आत दोन तांबडे डोळे होते. एक दुसऱ्यापेक्षा केसभर पुढे.

मी त्याची नळी आणि खुंटी टेबलावर ठेवली. "ही तुझी," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी माझी नळी सरांना दाखवली. सरांनी ती खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ बघितली. खुंट्या धरून ओढल्या, पिळल्या. "पक्क्या आहेत," ते म्हणाले. "माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण साहेब कालच परत गेले. शेरा त्यांचा आहे, मला खोडता येत नाही. असं कर, मामांकडून एक ओळ लिहून आण. की तिथे ठेवलेली नळी मी बदलली होती, मूळ काम हिचं आहे. ती मी साहेबांना पाठवतो आणि कार्डाला जोडतो."

एक ओळ. मी पळतच गेले. मला वाटलं, यात काय अवघड आहे? मामा लिहील, मग तो परत मामा होईल.

मामाने पेन हातात घेतलं. कागद पुढे ओढला. मग पेन कानामागे खोचलं.

"हे साहेब कुठल्या कारखान्यातले म्हणालीस?"

मला माहीत नव्हतं.

"अगं, मी लिहून द्यायचं, की मी बसवलेली खुंटी सुटली? सही करून?" तो हसायचा प्रयत्न करत होता. "शाळेचं प्रदर्शन ते. चार दिवसांत विसरतील सगळे."

"मी नाही विसरणार."

"तूही विसरशील. ये रविवारी, आपण नवीन काहीतरी करू. वाफेचं इंजिन करू. हं? फोरमन?"

मी रविवारी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आई दोनदा म्हणाली, "किती ताणशील? त्याने तुझ्या भल्यासाठीच केलं." आईला मी बोळ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "कापसाचा बोळा तो, त्याचं काय एवढं!" त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही.

शाळेत कार्ड महिनाभर हस्तकलेच्या खोलीत टांगलेलं होतं, कारण सगळ्यांचीच टांगली होती. मी त्या खोलीत पाठ भिंतीकडे करून बसायची.

मग एके दिवशी शाळेतून आले तर माझ्या फळीवर तोफ नव्हती.

"मामा घेऊन गेला," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "म्हणाला, दोन दिवसांत देतो."

"तू दिलीस? मला न विचारता?"

"तुझा मामा आहे तो! चोर आहे का?"

ते दोन दिवस मी कसे काढले, मला विचारू नका. पुन्हा एक सुंदर, पिवळी, सरळ नळी येणार, याची मला खात्री होती. मी जेवताना मनगटावरचा डाग चाचपत बसायची. निदान तो तरी बदलता येणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी फळीवर फडक्यातलं गाठोडं होतं. मामा स्वतः थांबला नव्हता. मी फडकं सोडलं.

गाडा तोच होता, पण त्याची डावी बाजू नवी होती, नव्या लाकडाची, रंग किंचित उजळ. खुंटी टेकते ती खाच मामाने केसभर पुढे घेतली होती. माझं भोक जितकं तिरकं होतं, बरोबर तितकी. तोफ सरळ समोर बघत होती. नळीला त्याने हात लावलेला नव्हता, पॉलिशसुद्धा केलं नव्हतं. डाखाभोवतीचा काळपटपणा तसाच होता. माझी चूक तशीच ठेवून त्याने गाडा माझ्या चुकीला जुळवून घेतला होता. हे काम फार अवघड असतं. मी आता सांगू शकते, कारण नंतर मी स्वतः करून बघितलंय. माझे तीन गाडे वाया गेले. आणि हे त्याला पहिल्याच संध्याकाळी सुचायला हवं होतं.

पण तेव्हा मी गाड्याकडे बघितलं ते नंतर. आधी मी बॅटरी आणली आणि नळीच्या तोंडाला डोळा लावला.

दोन तांबडे डोळे. एक केसभर पुढे. माझेच.

तरीही मी खुंट्या पिळून बघितल्या. मग गाडा उलटा केला. मग फडकं झटकलं, उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, घड्यांमध्ये बोटं घातली. एक ओळ लिहिलेला कागद किती लहान असू शकतो, याचा अंदाज घेत मी ते फडकं तीनदा झटकलं.

फडक्यातून पितळेचा थोडा चुरा पडला. बाकी काही नव्हतं.

मामा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मी त्याच्याकडे लेथ शिकले, त्याच्या म्हातारपणी त्याचं वर्कशॉपही काही दिवस सांभाळलं. तो मला पुन्हा फोरमन म्हणायला लागला होता, आणि मी ओ देत होते. चहा पिताना आम्ही खूप हसायचो. पण त्याने हातात दिलेली कुठलीही वस्तू, अगदी साधा बुश असला तरी, मी आधी उजेडात धरून तिच्यातून आरपार बघायची. तो ते बघायचा आणि दुसरीकडे मान वळवायचा.